हळदीकुंकवाची उत्तरं

त्या वेळी मी लहान होते. एकोणसाठ वर्षांची. आता पासष्टीतून तिच्याकडे बघते तेव्हा वाटतं, काय ही पोरगी, नुसती भित्री आणि वर शहाणपणाचा आव. टेलिफोन एक्स्चेंजमधून मुदतीआधी निवृत्ती घेतलेली, नवरा जाऊन थोडी वर्षं झालेली, डोंबिवलीत मुलगा आणि सुनेबरोबर राहणारी. अशा बाईने सकाळी फिरायला जावं, हास्यक्लबात हात वर करून हसावं. ही जायची ठाण्याला, मानसशास्त्रात एम.ए. करायला.

तरुणपणी बी.ए.ला मी मानसशास्त्र घेतलं होतं, कारण त्यात गणित नसतं असं मैत्रिणीने सांगितलं होतं. ते खोटं होतं हे कळायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

ठाण्यातल्या त्या संस्थेत एम.ए.ला दोन वाटा होत्या. एक समुपदेशनाची. दुसरी संशोधनाची, म्हणजे संशोधनाच्या पद्धती, संख्याशास्त्र, आणि शेवटी स्वतः माहिती गोळा करून लिहायचा लघुप्रबंध. ही दुसरी वाट ज्यांना पुढे पीएच.डी. करायची आहे त्यांच्यासाठी. मुलाखत घेणारे सर मला समजावत होते की काकू, समुपदेशन घ्या, तुमच्या वयाला शोभेल, लोक तुमच्यापाशी मोकळेपणाने बोलतील. मी म्हटलं, लोक माझ्यापाशी आत्ताही फार मोकळेपणाने बोलतात, त्यांना टाळायलाच इथे आलेय. ते हसले. पुढे काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पीएच.डी. त्यांनी शेजारच्या मॅडमकडे बघितलं. दोघं मनातल्या मनात माझ्या वयात वर्षं मिळवून बघत होते, हे स्वच्छ दिसत होतं.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं. नवरा कल्याणजवळ मोहन्याला कारखान्यात होता, पाळीवर. पाळी सुटायची वेळ मला पाठ, तिथून घरी यायला लागणारा वेळ पाठ, वाटेत भाजी घ्यायला किती थांबेल तेही पाठ. त्या हिशोबाच्या वर थोडा जरी वेळ गेला तरी मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे. आणखी थोडा गेला की मनात अपघात व्हायचा, हॉस्पिटल व्हायचं, गावाकडची माणसं यायची. पुढच्या खोलीतली कॉट कुठे सरकवायची इथपर्यंत माझी तयारी व्हायची. मग हा दारात उभा, हातात मेथीची जुडी. "चेहरा असा का गं?" म्हणायचा. मी "काही नाही" म्हणायचे आणि मेथी निवडायला घ्यायचे. माझ्या संसारातली अर्धी मेथी मी नवऱ्याला मनात मारून झाल्यावर निवडलेली आहे.

आणि तो गेला तो घरात. रविवारी दुपारी, चहा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या, माझ्यासमोर. इतकी वर्षं मी रस्त्याकडे डोळे लावून पहारा केला आणि जे यायचं ते मागच्या दाराने आलं. तेव्हापासून मला जाणून घ्यायचं होतं, हे असं फक्त माझंच होतं, की या गावातल्या सगळ्या बायका संध्याकाळी आतल्या आत हेच करत असतात? घरचं माणूस वेळेवर आलं नाही की बाईच्या मनात काय चालतं, हा माझा विषय ठरला.

माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या. बारीक आवाजाच्या, कधी न चिडणाऱ्या, त्यामुळे जास्तच भीतिदायक. विषय त्यांना आवडला. पण पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं की काम पक्कं झालं तरच त्या मला पीएच.डी.ला घेतील. त्यांच्याकडे एकच जागा रिकामी होती. मी दुसऱ्या कुणाकडे जाणार होते? साठीच्या बाईला विद्यार्थी म्हणून कोण घेतं? म्हणजे माझं सगळं या लघुप्रबंधावर होतं.

माझ्या भीतीचं कोष्टक करायचं तर संख्याशास्त्र त्यात खूप वर आलं असतं. पहिल्या चाचणीच्या सकाळी मी तुळशीपुढे दिवा लावला होता. मानसशास्त्राची विद्यार्थिनी. वर्गातली मुलं मला आजी म्हणायची, आणि कॉम्प्युटरवर माझे आकडे लाल झाले की माझ्याआधी तीच हळहळायची. पण सगळ्यात वरची भीती निघाली दाराची. प्रश्नावली प्रत्येक बाईकडून एकटीकडून, शांत जागी भरून घ्यायची, असा नियम. म्हणजे अनोळखी घराची बेल वाजवायची. मी आयुष्यभर लोकांशी बोलले ते वायरच्या एका टोकाला बसून. समोरचं माणूस ओरडलं तरी माझ्या अंगावर येऊ शकत नव्हतं. इथे दार उघडणार, माणूस दिसणार, आणि त्या माणसाला मी विचारणार, तुमच्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं असेल असं तुम्हाला वाटतं का? शेजारच्या सोसायटीत मी गेले, तिसऱ्या मजल्यावर चढले, बेलपर्यंत बोट नेलं आणि परत खाली आले. वॉचमनने विचारलं, कोण पाहिजे? मी म्हटलं, चुकून आले.

संक्रांत जवळ आली होती, आणि त्या हुशार पोरीला एक युक्ती सुचली. सूनबाई दरवर्षी हळदीकुंकू करते. आमची सोसायटी, समोरची सोसायटी, तिच्या भिशीच्या बायका, सगळ्या येतात. एका दुपारी, एका छताखाली. मी सूनबाईला म्हटलं, या वर्षी वाण मी आणते. आणि मी वाण काय आणलं? मुलं परीक्षेला नेतात तो पुठ्ठ्याचा पॅड, वरती चिमटा, आणि एक बॉलपेन. लिहायला आधार हवा ना. सूनबाई पॅडांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. "आई, लोक स्टीलची वाटी देतात," एवढंच म्हणाली.

मी स्वतः विधवा. आमच्या सोसायटीत कुणी तोंडावर काही म्हणत नाही, उलट आग्रह करतात, या ना काकू, आता कोण मानतं? पण मी आपली आत राहिले. स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. कुंकू लागलं, अत्तर लागलं, तिळगूळ झाला, आणि मग सूनबाईने सगळ्यांना पॅड देऊन सांगितलं की आईंचा कॉलेजचा अभ्यास आहे, जरा भरून द्या.

सगळ्या हौसेने बसल्या. समोरच्या सोसायटीतल्या एक ज्येष्ठ बाई आपण होऊन प्रश्न मोठ्याने वाचायला लागल्या, पुराण वाचावं तशा. घरच्या माणसाला उशीर झाला तर त्याचं बरंवाईट झालं असेल असा विचार मनात येतो का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. कुणीतरी म्हणालं, "शुभ बोला हो, आत्ताच कुंकू लावलंय." मग हशा झाला, बांगड्या वाजल्या, आणि सगळ्यांची पेनं एकाच चौकोनाकडे वळली. जिला कळत नव्हतं तिने शेजारणीच्या पॅडवर बघितलं. सूनबाईने सगळ्यांत आधी भरून दिलं. तिने काय लिहिलं तेही मी दारातून बघितलं. कधीच नाही.

मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. वर्गातली मुलं उन्हातान्हात हिंडत होती आणि माझं काम तिळगुळाच्या डब्यासकट एका दुपारी उरकलं होतं. मी आत ओट्यापाशी उभी राहून स्वतःला दोन लाडू जास्त दिले.

मॅडमनी कागद चाळले. एक, दुसरा, मग पाच-सहा एकदम. त्यांच्या खोलीतला पंखा आवाज करत होता आणि मला त्या आवाजाची भीती वाटायला लागली. त्यांनी विचारलं की या सगळ्या बायका इतक्या निर्धास्त कशा? मी म्हटलं, डोंबिवलीच्या बायका सोशिक असतात, मॅडम. हे मी खरंच म्हटलं. त्यांनी विचारलं, कुठे भरून घेतलं? मी सांगितलं. बोलता बोलताच माझा आवाज बारीक होत गेला, कारण ते वाक्य मी स्वतःही तेव्हाच पहिल्यांदा नीट ऐकत होते. ज्या दुपारी बाया कपाळाचं कुंकू टिकावं म्हणून एकत्र बसतात, त्या दुपारी मी त्यांना विचारलं होतं की तुमचं कुंकू पुसलं जाईल असं तुम्हाला कितीदा वाटतं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"काकू, यात विधवा एकही नाहीये."

"त्या हळदीकुंकवाला कशा येणार?"

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"आत," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात."

मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. मग शांतपणे त्यांनी सांगितलं की हे वापरता येणार नाही. नव्याने करायचं, एकेकीला, बंद दाराआड, आणि विधवांनाही घ्यायचं. शेवटचं सत्र चालू होतं. वेळेत झालं नाही तर लघुप्रबंध नाही, आणि लघुप्रबंध नाही तर ती जागा त्यांना दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी कुणाला काही सांगितलं नाही. दोन-तीन दिवस मी ताप आल्याचं सोंग केलं. मुलगा म्हणाला, आई, झेपत नसेल तर सोड, तुला कोण विचारतंय? तो मायेने बोलला, पण मला धडकीच भरली. कारण तेच खरं होतं. मी सोडलं असतं तर कुणीच विचारलं नसतं. एक बाई संध्याकाळी गॅलरीत उभी राहायची, ती परत गॅलरीत जाऊन उभी राहिली असती.

म्हणून मी गेले. कोपरला, ठाकुर्लीला, कल्याणात. ओळखीतून ओळख काढत. पहिल्याच दारात साखळी अडकवलेली राहिली. आतल्या बाईने माझ्या हातातलं संमतीपत्र बघितलं आणि म्हणाली, सही करणार नाही, मिस्टरांना विचारा. मी म्हटलं, अहो, हे अभ्यासाचं आहे. ती म्हणाली, "मागच्या वेळी आलेली तीही असंच गोड बोलत होती. बिल्डरने पाठवलंय ना तुम्हाला?" त्यांच्या इमारतीचा पुनर्विकास अडला होता, आणि संमतीच्या सह्या गोळा करणारी माणसं जिने झिजवत होती. त्या पट्ट्यात निम्म्या इमारतींची तीच कथा. एका जिन्यात तर सेक्रेटरींनी मला गेटपर्यंत सोबत केली, अगदी अदबीने. मी रिक्षा स्टँडवर बसून राहिले. केस पिकलेली बाई, आणि लोक आपल्याला घाबरतात हे मला नवीन होतं.

मग मी शिकले. कागद पिशवीत ठेवायचे. आधी पाणी मागायचं. पाणी देणाऱ्या बाईला दार बंद करता येत नाही. सासू घरात असेल तर परत यायचं. आधी आपण कोण ते सांगायचं, आपला नवरा खुर्चीत गेला हेही सांगायचं. मॅडमना हे शेवटचं तितकंसं पटलं नव्हतं, त्यांनी सगळ्यांना सारखंच सांगा, एवढी अट घातली.

आणि बायका बोलायला लागल्या. कधीच नाही हा चौकोन ओस पडला. एकजण माणूस येईपर्यंत पोळ्या टाकत नसे, कणीक मळून ठेवायची आणि वाट बघायची. आधी केल्या आणि तो आलाच नाही तर, म्हणून. दुसरी नेमकं उलट, आधी ताट वाढून ठेवायची, म्हणजे त्याला यावंच लागेल. एक शिकलेली, बँकेतली, फोन करायची नाही. लागला नाही तर काय, या भीतीने. इतकी वर्षं वाटत होतं मीच एकटी वेडी, आणि इथे प्रत्येक दाराआड एकेक वेडी, कणीक झाकून बसलेली. बरं वाटायला हवं होतं, पण मला भीतीच वाटली. एवढी भीती या इमारतींमधून रोज संध्याकाळी उभी असते आणि खाली भाजीवाला शांतपणे कोथिंबीर विकतो.

ठाकुर्लीच्या एक बाई माझ्यासारख्याच विधवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग दार लावलंय ना ते वळून बघितलं.

"आता नाही वाटत. सुटले. ज्याची भीती होती ते होऊन गेलं," त्या म्हणाल्या. "तो गेल्यावर पहिल्यांदा मला संध्याकाळी भूक लागली. लिहा, पण कुणी म्हटलं म्हणून सांगू नका."

मी लिहिलं. माझंही तसंच झालं होतं. फरक इतकाच की माझी सुटका काही महिनेच टिकली. मग मुलाला उशीर व्हायला लागला, सुनेला व्हायला लागला, आणि मी परत कामावर रुजू झाले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक उंच, कोरड्या चेहऱ्याचे होते. आमच्या आत जायच्या वेळा दुपारच्या होत्या, त्या सरकत सरकत संध्याकाळवर आल्या. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकलेला. मग माझी पाळी आली. त्यांनी माझे आकडे विचारले, ते मी सांगितले. मग त्यांनी शेवटचं परिशिष्ट उघडलं, ज्यात हळदीकुंकवाची उत्तरं होती. ती ठेवावी असं माझं म्हणणं होतं, मॅडमनी नाइलाजाने ठेवू दिली होती. ही खोटी उत्तरं इथे कशाला, असं त्यांनी विचारलं. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला वाटलं, संपलं.

मी म्हटलं, "सर, ती खोटी नाहीत. कुंकू लावून बसलेली बाई त्या प्रश्नाला दुसरं काय म्हणणार? तिने मनातलं लपवलं नाही, नवऱ्याला जपलं. चूक होती ती विचारणारीची."

"विचारणारी कोण होती?"

"होती एक. एकोणसाठ वर्षांची. अजून कळत नव्हतं तिला."

ते हसले की खोकले ते मला आजही सांगता येणार नाही. मला बाहेर बसायला सांगितलं. बाकावर बसून मी बंद दाराकडे बघत होते, आणि मन सवयीने कामाला लागलं. नापास झाले, जागा गेली, मुलाला कसं सांगायचं, पुस्तकं कुणाला द्यायची. कॉटच तेवढी सरकवायची राहिली होती. दार उघडलं तेव्हा मॅडम स्वतः आल्या. थोड्या दुरुस्त्या होत्या. बाकी झालं होतं. पीएच.डी.चा विषय पुढच्या आठवड्यात घेऊन या, त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तिथेच त्यांच्याशी दुरुस्त्या बोलत बसले. वेळेचं भान सुटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

डोंबिवलीत रिक्षातून उतरले तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. वर बघितलं तर आमच्या गॅलरीत सूनबाई उभी. गॅलरीत कशी उभी राहते बाई ते मला पुस्तकाशिवाय कळतं. मी वर जाईपर्यंत दार उघडं होतं.

"फोन कुठेय तुमचा?" ती म्हणाली. आवाज वेगळाच.

मी पिशवीत हात घातला. तेव्हा आठवलं. मुलगा मला शोधायला बाहेर पडला होता, तिने त्याला फोन करून सांगितलं, आल्या. मग ती काही न बोलता आत गेली. मी मागोमाग गेले. ओट्यावर कणकेचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकलेला होता. तवा थंड.

"पोळ्या नाही टाकल्यास?"

"म्हटलं, तुम्ही आल्यावर टाकू."

आमच्याकडे पोळ्या साडेसातला झालेल्या असतात. मी तिच्याकडे बघितलं. इतक्या घरांत हिंडले, बंद दाराआड इतक्या बायकांना ऐकलं, आणि ही माझ्याच ओट्यापाशी. मला खोडी काढायचा मोह आवरेना. मी म्हटलं, "काय गं, तू तर कधीच नाही लिहिलं होतंस."

तिने गॅस पेटवला. तवा ठेवला. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "नेहमी."

मी म्हटलं, घरच्यांची उत्तरं आम्ही धरत नाही, तसा नियम आहे. ती हसली नाही. पोळपाटावर पीठ भुरभुरवलं आणि त्याच हाताने डोळे पुसले, त्यामुळे गालावर पांढरं लागलं. मी पिशवी खाली ठेवली आणि पोळपाट माझ्याकडे ओढला. निकाल विचारायचं ती विसरली आणि सांगायचं मी. मुलगा आल्यावर त्यानेच दारातून विचारलं, तेव्हा आमच्या पोळ्या निम्म्या झाल्या होत्या.